शरदातला आठवडा आणि जपानी कोम्बिनी: काय घ्यावं, काय वाचून घ्यावं

दिवाळीच्या सुट्टीला जोडून जपानला जायचं ठरलं की पहिली चौकशी मोमिजीची होते, म्हणजे लाल मेपलची. क्योतोत रंग कधी चढतो, तोक्योतले गिंको कधी पिवळे होतात, निक्कोला आधी जावं की नंतर. पण त्या आठवड्यात रोज तीन-चार वेळा पाय जिकडे वळणार आहेत, त्या जागेबद्दल फारसं कुणी विचारत नाही. सकाळी सातला हॉटेलातून निघताना, दुपारी दोन देवळांच्या मधल्या वेळात, संध्याकाळी पाचच्या आतच अंधारून आल्यावर, रात्री झोपण्यापूर्वी पाण्याची बाटली हवी म्हणून. ती जागा म्हणजे कोम्बिनी, कोपऱ्यावरचं बहुतेक चोवीस तास उघडं असलेलं दुकान.

सेव्हन-इलेव्हन, फॅमिलीमार्ट आणि लॉसन या तीन साखळ्यांनी देश व्यापलाय. सगळ्या साखळ्यांची मिळून 55 हजारांहून जास्त दुकानं आहेत. जपानमधलं पहिलं सेव्हन-इलेव्हन 15 मे 1974 रोजी तोक्योच्या तोयोसु भागात उघडलं. होक्काइदोत जाणार असाल तर तिथलं घरचं नाव सेइकोमार्ट. त्याच्या बऱ्याच दुकानांत आतच स्वयंपाक होतो आणि गरम जेवणाचे डबे मिळतात, म्हणून तिथे आधी तेच शोधावं. बाकी तिघांत फरक एकोणीस-वीसचा. जे जवळ असेल त्यात शिरावं.

निकाल आधीच सांगायचा तर मांसाहारी माणसाला हे दुकान आठवडाभर आनंदाने पोसतं. अंडं चालणाऱ्या शाकाहारी माणसालाही पोसतं, पण वेष्टणावरची सात-आठ जपानी नावं ओळखायला शिकल्यावरच. ती न शिकता नुसत्या चित्रावर विसंबलात तर मासा पोटात जाणार, आणि गेल्याचं कळणारही नाही.

सुरुवात ओनिगिरीपासून, कारण या दुकानाची परीक्षा तिथेच होते. ओनिगिरी म्हणजे मिठाच्या भाताचा त्रिकोणी लाडू, आत सारण, बाहेर नोरीचा म्हणजे समुद्री शेवाळाचा कागद. वजन साधारण 100 ग्रॅम, किंमत साधी असेल तर सव्वाशे ते दोनशे येन, खास सारणाची त्याहून जास्त. 2024-25 मध्ये जपानमध्ये तांदळाचे भाव भडकले, त्याचा फटका या त्रिकोणालाही बसला. जुने प्रवासवर्णनवाले सांगतात तो शंभर येनचा भाव आता मनातून काढून टाकावा. तरी दोन ओनिगिरी आणि गरम चहा एवढ्यात सकाळची न्याहारी उरकते.

वेष्टण उघडायची रीत आहे. प्लॅस्टिकवर 1, 2, 3 असे आकडे छापलेले असतात. टोकावरची 1 ची पट्टी धरून सरळ खाली ओढायची, तळाखालून मागच्या बाजूने वर आणायची आणि पूर्ण काढून टाकायची. आता वेष्टणाचे दोन भाग झाले. मग डावा कोपरा हलकेच दाबून धरायचा आणि 2 चा उजवा कोपरा आडवा ओढायचा. तसाच 3 चा डावा. नोरी आणि भात यांच्या मधे प्लॅस्टिकचा एक पडदा असतो, तो या ओढण्यात सरकून निघतो आणि नोरी जागच्या जागी भातावर बसते. म्हणून ती पापडासारखी कुरकुरीत लागते. घाईत खालून फाडलं किंवा 1 ची पट्टी अर्ध्यावर तुटली की नोरी दोन पडद्यांत अडकून फाटते आणि हातात नुसता भात येतो. तसं झालंच तर पडदे सुटे करून नोरीचे तुकडे काढून घ्यावेत आणि भाताला लावून खावेत. उघडल्यावर पाच मिनिटांच्या आत खायची. भाताची ओल नोरीत शिरली की ती चिवट होते. काही ओनिगिरींना नोरी आधीच चिकटवलेली असते, त्यांच्यावर हे आकडे नसतात. ती मऊच खायची असते.

ऑक्टोबरपासून वेष्टणांवर आणि जाहिरातींत 'शिन्माई' हा शब्द दिसू लागतो. शिन्माई म्हणजे नवा तांदूळ. त्याच वर्षी कापलेला आणि 31 डिसेंबरपर्यंत पॉलिश करून पिशवीबंद केलेला तांदूळच तिथे नवा म्हणून विकता येतो. आपल्याकडे नव्या तांदळाचा भात चिकट होतो म्हणून वाणी जुना तांदूळ कौतुकाने दाखवतो. तिथे त्या चिकटपणासाठी, ओलसर गोडव्यासाठी वर्षभर वाट बघतात. इंद्रायणीचा मऊ भात आवडणाऱ्यांना हा घास पहिल्यांदाच खाऊनही ओळखीचा वाटेल. शरदात गेलात तर एक तरी 'शिओ मुसुबि' खावी, म्हणजे सारण नसलेली, फक्त मिठाची. भाताची खरी चव तिच्यातच कळते. शाकाहाऱ्यांच्या दृष्टीनेही सर्वांत निर्धोक तीच, फक्त घटक एकदा वाचून घ्यावेत.

ओनिगिरी हॉटेलच्या फ्रिजमध्ये ठेवू नये. दुकानात तिची फळी दुधा-दह्याच्या कपाटासारखी गार नसते, साधारण 20 अंशांवर असते. शिजलेल्या भातातला स्टार्च फ्रिजच्या तापमानाला झपाट्याने घट्ट होतो, म्हणून सकाळी हातात खडखडीत गोळा येतो. वेष्टणावर तारखेबरोबर तासही छापलेला असतो. तेवढ्या वेळात संपेल इतकीच घ्यावी आणि खोलीतल्या थंड कोपऱ्यात ठेवावी. चुकून कडक झालीच तर वेष्टण काढून मायक्रोवेव्हमध्ये वीस-तीस सेकंद फिरवली की पुन्हा मऊ होते. होक्काइदोत तर ओनिगिरी गरम करून देऊ का, असं काउंटरवर आपणहून विचारायची पद्धत आहे. थंडीत 'हो' म्हणावं.

सारणांची नावं पाठ करण्याजोगी आहेत. 'उमे' म्हणजे खारवलेलं आंबट फळ, आपल्या लिंबाच्या लोणच्याच्या जवळ जाणारं. 'कोम्बु' म्हणजे सोया सॉसमध्ये शिजवलेलं समुद्री शेवाळ. 'सेकिहान' म्हणजे लाल चवळीसारख्या अझुकी दाण्यांबरोबर शिजवलेला चिकट तांदूळ, वर तीळ-मीठ. हे तीन शाकाहारी वाटतात आणि बहुतेकदा असतातही, पण उमेत कधी 'कात्सुओ' म्हणजे बोनिटो माशाचा कीस मिसळलेला असतो आणि कोम्बुच्या सॉसमध्ये माशाचा अर्क असू शकतो. 'ओकाका' म्हणजे सरळ माशाचा कीस, 'साके' किंवा 'शाके' म्हणजे सॅमन, 'ताराको' म्हणजे माशाची अंडी, 'त्सुना मायो' म्हणजे ट्यूना आणि मेयोनेझ. मासे खाणाऱ्यांनी पहिल्या दिवशी शाके घ्यावी. साधी, खारी, भाताशी जुळणारी.

आता लेबल. यावर थोडं थांबायला हवं, कारण चूक इथेच होते. वेष्टणाच्या मागे घटकांची यादी असते आणि तिच्यापाशीच ॲलर्जीची माहिती. भाषांतराचं ॲप लावून बरेच जण फक्त ॲलर्जीची ओळ बघतात: गहू, अंडं, दूध, सोयाबीन दिसलं, मासा दिसला नाही, म्हणजे शाकाहारी. हा निष्कर्ष चुकीचा आहे. ॲलर्जीच्या यादीत डुकराचं मांस, गोमांस, कोंबडी, जिलेटिन, सॅमन, मॅकरेल यांची नावं येतात, पण बोनिटो त्या यादीत नाहीच. आणि जपानी स्वयंपाकाचा पाया असलेला 'दाशि' नावाचा रस्सा मुख्यतः बोनिटोच्या किसाचा असतो. म्हणून ॲलर्जीची ओळ स्वच्छ असूनही आत मासा असू शकतो. वाचायची ती घटकांची पूर्ण यादी. कात्सुओबुशि, दाशि, ग्योकाइ एकिसु म्हणजे मासे-कोळंबीचा अर्क, चिकिन एकिसु, पोकु एकिसु, झेराचिन म्हणजे जिलेटिन, राडो म्हणजे डुकराची चरबी: हे सात शब्द जपानी लिपीत कुणाकडून तरी लिहून घ्या किंवा ॲपमधून काढून फोनवर चित्र म्हणून ठेवा. दुकानात नेटवर्क गेलं किंवा कॅमेऱ्याचं भाषांतर अडखळलं तरी आकार जुळवून बघता येतो. पहिल्या दिवशी एका वस्तूला दोन मिनिटं लागतात, तिसऱ्या दिवशी नजर आपोआप त्या आकारांवर जाते.

या चाळणीतून न सुटणारे काही नेहमीचे पदार्थ आधीच सांगून ठेवते. थंड सोबा नूडल्स शाकाहारी दिसतात, सोबतच्या सॉसमध्ये दाशि असतो. इनारिझुशि म्हणजे टोफूच्या पिशवीतला भात. ती पिशवी बहुधा दाशितच शिजवलेली असते. नात्तोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, डबीतल्या छोट्या सॉसच्या पुडीतही तेच, पण ती पुडी वेगळी असते, ती टाकून नुसतं मीठ घालता येतं. काउंटरवरच्या काचेतले बटाट्याचे पॅटिस कोंबडीबरोबर एकाच तेलात तळले जातात असं धरून चालावं. उलट उकडलेले एदामामे म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, केळी, सोया दुधाचे छोटे खोके, सोललेल्या भाजक्या चेस्टनटची पाकिटं आणि रताळ्याच्या साखर लावलेल्या काड्या, ज्यांना 'इमो केन्पि' म्हणतात, यांच्या घटकांची यादी सहसा दोन-तीन शब्दांत संपते. पिशवीत नेहमी ठेवायला चेस्टनट उत्तम. शरदाचा माल आहे आणि दोन तास चढण चढायची ताकद देतो. कांदा-लसूण आणि कंद न खाणाऱ्या जैन मंडळींनी मात्र कोम्बिनीवर आठवडा काढायचा बेत करू नये; शिधा बरोबर न्यावा. तोक्योत असाल तर निशि-कासाइ भागात भारतीय वस्ती आणि किराणा दुकानं आहेत, तिथून सोय होते.

शरद आला हे कोम्बिनीत झाडांच्याही आधी कळतं. ऑगस्टच्या अखेरीस, घाम अजून आटलेला नसताना, फळ्यांवर चेस्टनट, रताळं आणि लाल भोपळ्याचे गोड पदार्थ येऊ लागतात; बिअरच्या डब्यांवर लाल पानं दिसतात. किरिनची 'आकिआजि' बिअर तर 1991 पासून दर शरदात येते. पण खरी खूण गरम पेयांच्या छोट्या कपाटाची. उन्हाळाभर बंद किंवा गायब असलेलं हे कपाट साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा चालू होतं, आणि बाहेरच्या व्हेंडिंग मशीनवर निळ्या पट्टीच्या खाली लाल पट्टी उगवते. निळी म्हणजे 'त्सुमेताइ', गार; लाल म्हणजे 'आतातकाइ', गरम. आतलं तापमान पन्नास-पंचावन्न अंशांच्या आसपास असतं, म्हणजे बाटली मुठीत धरता येते पण धरताक्षणी सुख वाटतं. गरम ठेवण्याजोग्या प्लॅस्टिक बाटलीचं झाकण सहसा नारिंगी असतं. पांढऱ्या झाकणाची गार बाटली खोलीवर नेऊन मायक्रोवेव्हमध्ये घालू नये, आणि खरं तर नारिंगी झाकणाचीही नाही. प्लॅस्टिक वाकतं, झाकण उडतं.

यात काय घ्यावं? 'होजिचा', भाजलेल्या पानांचा चहा. साखर नाही, दूध नाही, कडूपणा कमी, वास भाजक्या धान्याचा. दूध-साखरेच्या चहाची सवय असणाऱ्यांना ग्रीन टी दोन दिवसांत नकोसा होतो. होजिचा होत नाही. 'रॉयल मिल्क टी' गोड आणि पातळ, आपल्या चहाची तहान भागत नाही. मक्याच्या दाण्यांचं सूप डब्यात मिळतं, त्यात बहुधा कोंबडीचा अर्क असतो. 'ओशिरुको' म्हणजे अझुकी डाळीचं गोड गरम पेय. पुरणाच्या कटाच्या गोड भावंडासारखं. डबा उघडण्यापूर्वी हलवायचा, नाहीतर दाणे तळाशी बसून राहतात.

कॉफी हवी असेल तर डब्यातली सोडून यंत्राची घ्यावी. सेव्हन-इलेव्हनने 2013 मध्ये शंभर येनला ताजी दळलेली कॉफी सुरू केली आणि बाकीच्यांनी तोच मार्ग धरला; आता किंमत वाढली आहे, दर्जा टिकून आहे. गरम कॉफीचा रिकामा कप काउंटरवर मागायचा, बर्फाच्या कॉफीचा बर्फभरला कप फ्रीझरमधून आपण उचलून काउंटरवर न्यायचा. मग यंत्राखाली कप ठेवून पैसे दिले तेच माप दाबायचं. यंत्रावर गरम आणि गार, छोटा आणि मोठा अशी वेगवेगळी बटणं असतात. छोट्याचे पैसे देऊन मोठ्याचं बटण दाबलं तर कॉफी काठावरून वाहते आणि दुकानदाराच्या हिशेबात ती चोरी ठरते, म्हणून आधी बटण नीट बघावं. काही यंत्रं आता कपाचं माप स्वतःच ओळखतात. दार आपोआप सुटेपर्यंत कप ओढू नये. शेवटचे थेंब गळायला दहा-पंधरा सेकंद लागतात.

काउंटरच्या बाजूला वाफेच्या काचपेटीत 'चुकामान' असतात, चिनी पद्धतीचे वाफवलेले पाव. 'निकुमान' म्हणजे डुकराच्या मांसाचं सारण. ओसाका-क्योतोकडे त्यालाच 'बुतामान' म्हणतात, आणि तिथे मोहरीची पुडी मिळते. 'आनमान' म्हणजे अझुकीचं गोड सारण. आनमानला शाकाहारी समजून घेणारे बरेच आहेत, पण पिठात किंवा सारणात राडो असू शकतो. पेटीतल्या पावाला वेष्टण नसल्यामुळे लेबलही नसतं. साखळीच्या संकेतस्थळावर घटक बघूनच घ्यावा. पाव वाफेतून काढल्यावर पाच-सात मिनिटांत पोत बदलतो, वरचं कातडं चिवट होतं. दुकानाबाहेर उभं राहून लगेच खावा. पेटीत एकच पाव उरलेला दिसला आणि त्याचं कातडं सुरकुतलेलं असेल तर तो बराच वेळ तिथे आहे. दुसऱ्या दुकानात बघावं, दोनशे पावलांवर असतंच.

ओदेन ही शरदाची खरी मेजवानी, मांस-मासे खाणाऱ्यांसाठी. काउंटरजवळच्या चौकोनी भांड्यात दाशिचा पातळ रस्सा मंद तापत असतो आणि त्यात कप्प्याकप्प्याने मुळ्याच्या जाड चकत्या, उकडलेली अंडी, कोन्याकु नावाचा करडा वडीसारखा पदार्थ, तळलेला टोफू, माशाच्या लगद्याच्या नळ्या शिजत असतात. बोट दाखवून मागायचं, एक-एक तुकड्याची किंमत वेगळी. मुळा आधी घ्यावा. नीट मुरलेला मुळा कडेपर्यंत फिकट मधाच्या रंगाचा दिसतो आणि चॉपस्टिकच्या दाबाने विनासायास फुटतो. मधोमध पांढरा राहिला असेल तर तो नुकताच टाकलेला आहे. उग्र वास पूर्ण गेलेला असतो, फक्त गोडसर रस्सा तोंडात सुटतो. सोबत मोहरीचा पिवळा लेप मिळतो, तो नाकात चढतो, थेंबभरच लावावा. रस्स्याची चव प्रांताप्रमाणे बदलते: कान्सायकडे म्हणजे ओसाका-क्योतोच्या बाजूला फिकट, तोक्योकडे सोया सॉस जास्त. शाकाहाऱ्यांनी इकडे वळू नये. मुळाही माशाच्या रस्स्यातच शिजलेला आहे. कोरोनानंतर आणि मनुष्यबळ कमी पडल्याने अनेक दुकानांनी उघडं भांडं ठेवणं बंद केलंय, ओदेन बंद पाकिटात थंड कपाटात मिळतं. ते ठीकठाक, पण भांड्यातल्याची सर नाही. भांडं दिसलं तर तीच वेळ साधावी.

शाकाहाऱ्यांची भरपाई 'याकिइमो' करतो, भाजलेलं रताळं. सगळ्या कोम्बिन्यांत नसतो. सुपरमार्केटच्या दाराशी किंवा डॉन किहोते दुकानात विजेच्या तव्यावर खड्यांमध्ये भाजत ठेवलेला सापडतो. 'बेनि हारुका' जातीचं मागावं. उपवासाला कुकरमध्ये उकडलेलं रताळं खाल्लेल्या माणसाला हा पदार्थ वेगळाच वाटेल, आणि त्याला कारण आहे. रताळ्यातलं एक विकर साधारण 65 ते 75 अंशांच्या टप्प्यात स्टार्चची साखर करतं. कुकर हा टप्पा काही मिनिटांत ओलांडतो. मंद भट्टीत रताळं तासभर त्या टप्प्यात रेंगाळतं. म्हणून सालीतून पाकासारखा चिकट रस झिरपतो आणि गर शिऱ्यासारखा होतो. सालीवर काळे चिकट डाग दिसले तर ते जळकं नव्हे, तो बाहेर आलेला पाकच आहे, तेच उचलावं. घरी ओव्हन असेल तर 160 अंशांवर दीड तास ठेवून आपल्या रताळ्यावरही हे करून बघता येतं, आपलं पांढरं रताळं तितकं चिकट होत नाही पण कुकरपेक्षा नक्की गोड होतं.

काउंटरवरचा संवाद ठरलेला असतो, म्हणून सोपा आहे. 'आतातामेमास का' म्हणजे गरम करू का. हो असेल तर 'ओनेगाइ शिमास'. 'फुकुरो' हा शब्द ऐकू आला की पिशवीचा प्रश्न आहे. 1 जुलै 2020 पासून प्लॅस्टिक पिशवीला पैसे पडतात, तीन ते पाच येन, तेव्हा कापडी पिशवी घडी करून खिशात ठेवावी. नको म्हणायला 'दाइजोबु देस'. शब्दशः अर्थ 'ठीक आहे', पण काउंटरवर त्याचा अर्थ 'नको' असा होतो. बरेच जण होकार म्हणून ते बोलतात आणि गरम न केलेला डबा घेऊन बाहेर पडतात. पैसे बहुतेक ठिकाणी आपणच यंत्रात घालायचे. पडद्यावर रोख, कार्ड, सुइकासारखं प्रवासकार्ड यातलं निवडायचं. सुइकात रोख भरायची असेल तर काउंटरवर 'चाजि' म्हणून हजाराची नोट द्यावी. दुकानात बसून खाणार असाल तर तसं सांगावं लागतं, कारण ऑक्टोबर 2019 पासून नेलेल्या खाण्यावर 8 टक्के आणि बसून खाल्लेल्यावर 10 टक्के कर आहे. फळीवर मोठ्या अक्षरात बहुधा कराविना किंमत असते, छोट्या अक्षरातली खरी.

शरदात उपयोगी पडणाऱ्या बिनखाण्याच्या दोन वस्तू. एक 'काइरो', हात गरम ठेवायची पुडी. आत लोखंडाची भुकटी, मीठ, कोळसा असतो. बाहेरचं पाकीट फाडलं की हवेतल्या ऑक्सिजनने लोखंड गंजू लागतं आणि उष्णता सुटते. दहा-बारा तास टिकते. चिकटवायची आणि खिशात ठेवायची असे दोन प्रकार आहेत. चिकटवायची फक्त कपड्यावरून, आतल्या बनियनच्या बाहेरून लावावी. थेट कातडीवर किंवा झोपताना लावली तर न कळत भाजतं. अर्धी वापरलेली पुडी हवाबंद पिशवीत दाबून ठेवली तर हवा तुटते, ती थांबते आणि दुसऱ्या दिवशी उरलेली चालते. नोव्हेंबरच्या मध्यावर तोक्योत दिवसा 16-17 अंश आणि पहाटे आठ-नऊ असतं. पुण्या-मुंबईहून गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना क्योतोतल्या रात्रीच्या रोषणाईला ही पुडी हवीच. दुसरी वस्तू पारदर्शक छत्री. शरदात पाऊस रेंगाळतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात वादळंही येतात. 60 सेंटिमीटरच्या छत्रीत खांदे आणि पाठीवरची बॅग भिजते, 65 किंवा 70 चीच घ्यावी. मुठीला काहीतरी खूण बांधावी, कारण दारातल्या स्टँडमध्ये सगळ्या सारख्याच दिसतात.

सेवांपैकी सर्वांत कमी वापरली जाणारी आणि सर्वांत मोलाची म्हणजे सामान पुढे पाठवणं. सेव्हन-इलेव्हन आणि फॅमिलीमार्टमध्ये यामातो या कुरियर कंपनीचं 'ताक्युबिन', लॉसनमध्ये टपाल कंपनीचं 'यु-पॅक'. तोक्योतून क्योतोच्या हॉटेलवर मोठी बॅग दोन-तीन हजार येनमध्ये सहसा दुसऱ्या दिवशी पोचते. अर्ज दोन असतात: पाठवणाऱ्याने पैसे देण्याचा 'मोतोबाराइ' आणि घेणाऱ्याने देण्याचा 'चाकुबाराइ'. दुसरा चुकून भरला तर हॉटेलच्या काउंटरवर घोळ होतो. हॉटेलचं नाव, पत्ता, फोन आणि आरक्षण ज्या नावाने आहे ते नाव, सोबत पोचण्याची तारीख, एवढं लिहावं. पानांच्या मोसमात क्योतोच्या बस इतक्या भरतात की बॅग घेऊन चढणं शक्य नसतं. शिवाय तोक्यो-क्योतो मार्गावरच्या तोकाइदो शिन्कान्सेन या बुलेट ट्रेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरच्या वरच्या बॅगेला मे 2020 पासून वेगळं आसन आरक्षण लागतं. रात्रीपुरते कपडे पाठीवर घेऊन बॅग पुढे पाठवली की दोन्ही कटकटी संपतात.

पैसे काढायला सेव्हन बँकेचं एटीएम भरवशाचं. भारतीय कार्ड चाललं नाही तर दोष बहुधा यंत्राचा नसतो. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर चालू करावा लागतो, तो राहिलेला असतो. पडद्यावर रुपयांत की येनमध्ये असं विचारलं तर येन निवडावं, रुपयांतल्या रूपांतराचा दर महाग पडतो. झेरॉक्सच्या यंत्रावर काळी-पांढरी प्रत 10 येनला निघते, फोनवरून तिकीट छापता येतं. पासपोर्टच्या दोन प्रती पहिल्याच दिवशी काढून ठेवाव्यात.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. रात्री नऊ-दहानंतर ओनिगिरी आणि डब्यांच्या फळ्या रिकाम्या असतात; माल दिवसातून दोन-तीन ठरलेल्या फेऱ्यांत येतो आणि पुढची फेरी पहाटे. उशिरा परतणार असाल तर रात्रीचं संध्याकाळीच घ्या. शाकाहारी अशी ठळक खूण कुठेच नसते. इतक्या परदेशी पाहुण्यांच्या देशात पाकिटावर एक छोटं पान छापणं अवघड नाही, ते व्हायला हवं. प्रत्येक गोष्ट दोन-दोन वेष्टणांत गुंडाळलेली असते आणि बाहेर कचराकुंडी सापडत नाही. कोम्बिनीतल्या कुंड्या तिथे घेतलेल्या मालासाठी असतात. जळणारा कचरा, प्लॅस्टिक बाटल्या, डबे आणि काच यांची तोंडं वेगळी. दिवसभराचा घरचा कचरा तिथे ओतू नये, खोलीवर न्यावा. स्वच्छतागृह वापरण्याआधी काउंटरवर एकदा विचारावं आणि निघताना काहीतरी छोटं विकत घ्यावं.

दुकानाबाहेर उभं राहून खाताना शेजाऱ्यांचं दार अडवू नये, हेही सांगायलाच हवं. फुजिकावागुचिको गावात एका लॉसनच्या मागे फुजी पर्वत दिसतो म्हणून रस्त्यातच फोटोसाठी इतकी गर्दी होऊ लागली की मे 2024 मध्ये पालिकेला समोर काळी जाळी उभारावी लागली. क्योतोत शहराचा देखावा जपण्याच्या 2007 च्या नव्या धोरणानंतर दुकानांचे फलकही दबलेल्या रंगांत रंगवले गेले. नेहमीचा लाल-हिरवा झगमगाट नसलेलं तपकिरी सेव्हन-इलेव्हन मेपलखाली उभं दिसतं. तिथे तरी आवाजही तसाच दबका ठेवावा.

नोव्हेंबरच्या मध्यात तोक्योत सूर्य साडेचारच्या सुमारास आणि क्योतोत पावणेपाचनंतर मावळतो. देवळं बरीचशी त्याच वेळी बंद होतात आणि जेवणाची हॉटेलं पाच-साडेपाचला उघडतात. मधली पाऊण तासाची थंडी कोम्बिनीच्या दाराशी काढायची, एक होजिचा, एक आनमान किंवा चेस्टनटचं पाकीट घेऊन. शेवटच्या दिवशी खिशातली उरलेली एक-एक, पाच-पाच येनची नाणीही इथेच यंत्रात ओतावीत. विमानतळावरचं चलन बदलून देणारं काउंटर नाणी सहसा घेत नाही.